ऑफिसचा ईमेल स्वतःच्या फोनवर घेतला, तर नोकरी सोडताना कंपनी माझे फोटोही पुसू शकते का?

वर्क प्रोफाइलमधून, म्हणजे फोनमधल्या ऑफिसच्या ॲप आणि डेटासाठीच्या वेगळ्या कप्प्यातून घेतला असेल, तर नाही. कंपनीला फक्त तिचा कप्पा पुसता येतो. कर्मचाऱ्यांचे फोन ऑफिसला जोडून देणं हे माझं रोजचं काम आहे. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून आहे: ऑफिसच्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसची खूण दिसते आणि तुमची गॅलरी किंवा खासगी चॅट आयटीवाल्यांना दिसतही नाहीत. आयफोनवर अशीच विभागणी २०१९ पासून, आयओएस १३ मध्ये आली. मात्र जुन्या पद्धतीने, थेट मेल ॲपमध्ये एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची ऑफिस ईमेलची सेवा) खातं जोडताना ‘सर्व डेटा पुसणे’ अशी परवानगी मागितली असेल, तर अख्खा फोन कोरा होऊ शकतो. परवानग्यांची ती यादी सहसा कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा, आणि फोटोंचा बॅकअप आधीच घेऊन ठेवा.