खाल्लेलं प्रथिन थेट स्नायूंत जातं का? आणि स्नायूंखेरीज त्याचं काम काय?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिलीचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लं या छोट्या रेणूंची दुमडलेली लांब साखळी. जठरातलं आम्ल प्रथिनाच्या घड्या मोडतं, पेप्सिन आणि पुढे स्वादुपिंडातली विकरं (एन्झाइम) साखळी तोडतात आणि रक्तात पोहोचतात ती बहुतेक सुटी अमिनो आम्लं. मूळ प्रथिन डाळीतलं होतं की दुधातलं, याचा मागमूसही तेव्हा उरत नाही. या सुट्या अमिनो आम्लांतून पेशी स्वतःच्या जनुकांत लिहिलेल्या क्रमाने नवी साखळी तयार करते. कोलेजन या त्वचेतल्या प्रथिनाची पूड घेतली की ती जशीच्या तशी त्वचेत जाऊन बसते, ही समजूत म्हणूनच सोडून द्यावी.

अमिनो आम्लं प्रामुख्याने 20 प्रकारची. त्यांतली 9 शरीराला बनवता येत नाहीत, आहारातूनच मिळवावी लागतात. पण खरी गंमत आहे ती क्रमात. पाणी टाळणारी अमिनो आम्लं सहसा आत दडतात, पाण्याशी जमणारी बाहेर राहतात आणि साखळी कुठे पीळ घेत, कुठे पट्ट्यांसारखी शेजारी लागत दुमडते. या आकारावरच प्रथिनाचं काम ठरतं.

आता दुसरी गोष्ट, प्रथिनाचं काम. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचंच बघा. त्याच्या 4 साखळ्या, प्रत्येकीत लोहाचा एक अणू धरून बसलेला हीम नावाचा छोटा रेणू. एका जागी ऑक्सिजन बसला की रेणूचा आकार किंचित बदलतो आणि उरलेल्या जागी ऑक्सिजन बसणं सोपं होतं. फुफ्फुसात भरभर घेणं आणि ऊतींमध्ये मोकळ्या हाताने सोडणं त्यामुळेच जमतं. आता याच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. त्यांतलं सहावं, ग्लुटामिक आम्ल, जाऊन तिथे व्हॅलिन आलं तर? व्हॅलिन पाणी टाळणारं. ऑक्सिजन सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. सिकल सेल आजार तो हाच. एका अमिनो आम्लाने एवढं होतं, हे मला अजूनही थक्क करतं.

कोलेजनची तऱ्हा वेगळी. तीन साखळ्यांचा पीळ. मध्यभागी जागा इतकी थोडी की दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिनच लागतं, कारण सगळ्यांत लहान तेच. ही तिपेडी रचना मांडणाऱ्यांत मद्रासचे शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था अग्रणी होते (1950 च्या दशकात). हा पीळ पक्का व्हायला क जीवनसत्त्व लागतं. ते फारच कमी पडलं तर हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत.

बाकीची यादी लांबलचक आहे. 51 अमिनो आम्लांचं इन्सुलिन निरोप पोहोचवतं, प्रतिपिंडं जंतूंना धरतात, विकरं पेशीतल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवतात, अल्ब्युमिन रक्तातलं पाणी रक्तात टिकवतं. ते फार घटलं की पायांवर सूज येते. स्नायूंतली अ‍ॅक्टिन आणि मायोसिन ही या गर्दीतली फक्त दोन.

आणि जास्तीचं प्रथिन खाल्लं तर? मेदासारखा त्याचा राखीव साठा शरीर करत नाही. यकृत त्यातला नायट्रोजन काढून युरिया बनवतं, तो मूत्रपिंडावाटे बाहेर जातो. उरलेला भाग ऊर्जेला वापरला जातो किंवा चरबीत जातो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रोटीन पावडरचा डबा आणण्याआधी डॉक्टरांना विचारा.