चारचा प्रभाग आणि एकटे मामा

प्रश्न: माझे मामा २००७ ला पुण्यात वॉर्डातून अपक्ष लढले होते. पडले, पण घरन् घर पिंजून काढलं होतं. आता सगळे म्हणतात चारचा प्रभाग आहे, म्हणजे एका प्रभागातून चार नगरसेवक, पॅनेल नसेल तर फॉर्मच भरू नका. खरंच एकट्याच्या प्रचाराला काही किंमत नाही का? मुंबईतल्या मावशीकडे तर अजून एकच नगरसेवक असतो.
– एक वाचक, पुणे

उत्तर: पुण्याचं म्हणजे दर परीक्षेला पेपरचा पॅटर्नच वेगळा. २००२ ला तीनचा प्रभाग, २००७ ला एकाचा वॉर्ड, २०१२ ला दोनचा, २०१७ ला थेट चारचा. त्या वेळी १६२ जागा ४१ प्रभागांत बसवल्या, २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साधारण ३१ लाख, म्हणजे एका प्रभागात पाऊण लाख माणसं. तेच एकेकाचे वॉर्ड असते तर एकोणीस हजार. एकोणीस हजारात माणूस चपला झिजवून पोचतो हो, पाऊण लाखात सोसायटीच्या वॉचमनला पटवण्यातच दिवस मावळतो. म्हणून मग पॅनेल, एका पत्रकावर चौघांचे फोटो, खर्च वाटून, ताई वस्तीतली मतं आणणार आणि भाऊ सोसायट्यांची.

पण एकट्याचा प्रचार संपला म्हणणाऱ्यांनी मतदानाच्या आदल्या दोन रात्री बघितलेल्या नाहीत. दिवसा चौघं एकाच जीपवर हात जोडून उभे, आणि रात्री दहाला त्यातल्याच एकाचा पोरगा दार वाजवून डमी मतपत्रिका उघडतो नि हळूच म्हणतो, "काकू, बाकीचं तुमचं तुम्ही बघा, ड ला तेवढं आपलं बटण." मतं चार, चारही वेगवेगळ्या पक्षांना देता येतात, आणि अ, ब, क, ड असे जागांचे चार गट, प्रत्येकाची मोजणी वेगळी, त्यामुळे पॅनेल फुटतं ते असं. मामांना चौघांशी लढायचंच नाहीये, फक्त आपल्या गटातल्या लोकांशी लढायचंय, म्हणून आरक्षणात बसत असेल तर कुठला गट घ्यायचा हाच माझ्या मते निम्मा प्रचार. पक्षाने जिथे बाहेरचा उमेदवार लादलाय आणि लोक चिडलेत तिथे घुसायचं.

मुंबईचं म्हणाल तर जानेवारी २०२६ लाही तिथे २२७ वॉर्ड एकेकाचेच होते, पुण्यात मात्र १६५ जागा ४१ प्रभागांत. पण एकाच्या वॉर्डात आरक्षणाच्या सोडतीची टांगती तलवार असते, पाच वर्षं हळदीकुंकू नि नोटबुकं वाटून पेरलेला वॉर्ड महिला राखीव निघाला की रातोरात फ्लेक्सवर वहिनी. चारात सहसा दोन जागा महिलांच्या, दोन उरतात. तरी त्यातही ओबीसी, एससी निघू शकतं, त्यामुळे फॉर्मचं ठरवायच्या आधी मामींना विचारून ठेवा.