अलागाशवर तंबू टाकायचाय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही बॉस्टनजवळ राहतो. दोन कुटुंबं, सहा जण, मुलं ११ आणि १३ वर्षांची. ऑगस्टमध्ये मेन राज्यातल्या अलागाश नदीवर कनूने, म्हणजे वल्ह्याच्या लांबट होडीने, जायचं चाललंय. तंबूच्या जागा ठरलेल्या आहेत पण बुकिंग नाही म्हणे, जो आधी पोचेल त्याची जागा. संध्याकाळी जागाच मिळाली नाही तर काय? आणि जागेवर नेमकं असतं काय?

उत्तर: नळ नाही, लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही. जागेवर एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं आणि थोडं मागे झाडीत संडास, बास. पण टेबलाच्या वर खांबांवर एक आडवी बल्ली असते ना, ती मला फार आवडते. तिच्यावर ताडपत्री टाकायची, कोपरे दोरीने आजूबाजूच्या झाडांना ताणून बांधायचे, उतार चांगला ठेवायचा नाहीतर मध्ये पाणी साचून पोट येतं आणि मग ते नेमकं कुणाच्या तरी डोक्यावर रिकामं होतं. एवढं नीट केलं की धो धो पावसातसुद्धा खाली आरामात चहा होतो. म्हणून चांगली मोठी ताडपत्री घ्या, तंबूपेक्षा तीच जास्त उपयोगी पडते.

आता जागा मिळण्याचं. सगळे विचारतात खळाळ किती मोठे आहेत, पण तिथे खरा प्रश्न वाऱ्याचा आहे. पूर्ण मार्ग ९२ मैलांचा, म्हणजे साधारण १४८ किलोमीटर, आणि वरचा बराचसा भाग नुसते तलाव आहेत, चेंबरलेन, ईगल, चर्चिल. दुपारी वारा सुटला की उघड्या होडीला लाटा झेपत नाहीत, मग माणसं जिथे असतील तिथे अडकतात आणि अंधार पडता पडता जागा शोधत फिरतात. तुम्ही पहाटे निघा, दुपारी एक-दोनपर्यंत थांबा, जागा बहुतेक मिळतेच. आणि नकाशावर पुढची जागा आधीच बघून ठेवा, म्हणजे ही भरलेली निघाली तर तिथेच उभं राहून चर्चा नको. कुठेही काठाला होडी लावून तंबू ठोकायची परवानगी नाही, ठरलेल्या जागीच राहायचं, आणि एका ग्रुपमध्ये १२ च्या वर माणसं चालत नाहीत.

मुलं बरोबर आहेत तर माझं मत विचाराल तर पूर्ण मार्ग करूच नका. उमसास्किस तलावापासून खाली अलागाश गावापर्यंत या, चार-पाच दिवस निवांत लागतील. मोठे तलाव टळतात, चर्चिल धरणाखालचा चेस रॅपिड्स नावाचा खळाळ टळतो. ऑगस्टमध्ये पाणी कमी असू शकतं, मग उतरून होडी ढकलावी लागते, मुलांना त्यातच मजा येते. फक्त अलागाश धबधबा लक्षात ठेवा, साधारण ४० फुटांचा आहे, त्याच्या आधीच काठाला लागायचं आणि होडीसकट सगळं सामान उचलून अर्ध्या किलोमीटरभर पायवाटेने पलीकडे न्यायचं. तिथे कळतं आपण किती फालतू सामान आणलंय ते.

प्रश्न: मी नाशिकची, सध्या मुलाकडे न्यू जर्सीला आलेय. मुलगा-सून आम्हा दोघांनाही याच ट्रिपला नेणार म्हणतात. आम्ही साठी ओलांडलेली माणसं. संडासचं काय, अस्वलं येतात का, आणि कुकर नेला तर चालेल का?

उत्तर: काकू, जा बिनधास्त. संडास म्हणजे खाली खड्डा आणि वर लाकडी खोली, बसायला सीट असते, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नको. कागद आपला न्यायचा, रात्री टॉर्च, आणि एक हलका तांब्या घ्या, नंतर सगळेच तो मागतील. खड्ड्यात प्लास्टिक, उरलेलं अन्न काही टाकायचं नाही. भांडी नदीत घासायची नाहीत, पाणी भरून काठापासून दोनेकशे फूट आत न्यायचं आणि तिथे घासायची. पिण्याचं पाणी नदीचंच, पण फिल्टर करून किंवा चांगली खळखळून उकळी येऊ देऊन मगच, ते कितीही स्वच्छ दिसलं तरी.

अस्वलं काळी असतात, लाजाळू असतात, वासावर येतात. त्यामुळे तंबूत खाण्याचं काहीही ठेवायचं नाही, पर्समधली गोळी-बडीशेप नाही, टूथपेस्टसुद्धा नाही. सगळं एका पिशवीत भरून झाडाच्या फांदीवरून दोरीने वर ओढायचं, जमिनीपासून १२ फूट तरी वर आणि खोडापासून सहा फूट लांब. खरं सांगू, अस्वलापेक्षा खारी आणि उंदीर जास्त त्रास देतात, चिवड्याची पिशवी रात्रीत कुरतडून ठेवतात.

कुकर नको. धबधब्यापाशी तो कोण उचलणार? मुगाच्या डाळीची खिचडी झाकणाच्या पातेल्यात होते, तूरडाळ तिथे शिजत बसू नका. भाजणी, मेतकूट, सुकी चटणी, गूळ-शेंगदाणे न्या. फोडणी घरीच करून डबीत भरून घ्या, गॅसही वाचतो. चावणाऱ्या काळ्या माश्यांचा (ब्लॅक फ्लाय) त्रास मे-जूनमध्ये असतो, ऑगस्टपर्यंत बराच कमी होतो, पण पूर्ण बाह्यांचे कपडे ठेवा कारण डास आहेतच.

प्रश्न: शेकोटीसाठी लाकडं कनेटिकटहून गाडीत घालून नेऊ का? रस्ता कसा आहे?

उत्तर: नका नेऊ, दंड होऊ शकतो. बाहेरच्या राज्यातलं जळाऊ लाकूड मेनमध्ये आणायला बंदी आहे, झाडं पोखरणारे किडे त्यातून पसरतात. उष्णतेने प्रक्रिया केलेलं, तसं लेबल असलेलं पॅकबंद लाकूड चालतं. नाहीतर तिथेच वाळून खाली पडलेलं गोळा करा, उभं झाड तोडायचं नाही, आणि जाळ फक्त त्या लोखंडी कड्यात.

रस्ता लाकूड कंपन्यांचा, कच्चा. चेकनाक्यावर पैसे भरावे लागतात, रोख जवळ असू द्या. टाकी भरून निघा, स्टेपनीत हवा आहे ना बघा, दिवसाही हेडलाईट चालू ठेवा. ओंडक्यांचे ट्रक भरधाव येतात आणि पहिला मान त्यांचाच, समोरून किंवा मागून धूळ दिसली की गाडी कडेला घ्या आणि त्यांना जाऊ द्या.