‘उरले’ म्हणजे वजाबाकी, हे मीच शिकवलं होतं

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलगी तिसरीत, पाढे तोंडपाठ, उभी मांडणी बिनचूक, पण शाब्दिक उदाहरण जरा फिरवून आलं की ‘बेरीज करू की वजाबाकी?’ म्हणत रडायला लागते. चार वर्षांपूर्वी ऐरोलीत आमच्याकडे हेच चालायचं.

रोजचा सराव तुम्ही घेतच असाल, ते सोडते. माझी चूक सांगते. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, हे मुलाला मीच शिकवलं. मार्क वाढले, मी खूश. मग गणित आलं : ‘5 गोट्या हरवल्यावर मंदारकडे 12 उरल्या. आधी किती होत्या?’ त्याने ‘उरल्या’भोवती गोल काढला आणि लिहिलं, 7. ‘अरे, हरवायच्या आधी कमी कशा असतील?’ तर म्हणे, ‘पण आई, उरल्या म्हणजे वजाच ना!’ पोराने वाचणंच सोडलं होतं. ती सवय मोडायला दीड वर्ष गेलं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. 1980 च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेनोबलला लहान मुलांना विचारलं होतं : बोटीवर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या, तर कप्तानाचं वय किती? 97 पैकी 76 मुलांनी दिलेले आकडे वापरून उत्तर काढलं.

त्यात मी ठाण्यातल्या एका महागड्या क्लासला वर्षाची फी आगाऊ भरून बसले. तिथेही भिंतीवर त्याच शब्दांचा तक्ता! पैसे परत मागितले तर ‘नियमात बसत नाही’. अजून राग येतो. तुम्ही निदान एक तास आत बसून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आम्हाला उपयोग झाला तो आकडे झाकून गणित वाचण्याचा. आधी गोष्ट सांगायची, मग चित्र, आकडे शेवटी. दुसरं म्हणजे, उत्तर बरोबर आलं तरी ‘अजून कसं करता येईल?’ विचारायचं. 63 वजा 28 हातच्याने येतंच, पण वाणी सुटे परत देतो तसं 28 वरून 30, तिथून 63, म्हणजे 2 आणि 33, असंही 35 येतं. हे त्याला स्वतःला सुचलं तेव्हा दोन खोल्या ओलांडून सांगायला आला होता. खोडरबर मात्र लपवा, चुकलेली वाट वहीत दिसू दे.

वहीबाहेरही करा. रविवारी घाटकोपरला आत्याकडे जाताना मेगाब्लॉक असला, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद असल्या, की रस्ता मुलगाच शोधायचा : ठाण्यावरून, वाशी-कुर्ला करून, की ऐरोली पुलावरून मुलुंडला. एकदा वाशीमार्गे नेलंन, तासभर जास्त लागला. मी मध्ये बोलले नाही. पुढच्या वेळी त्याने आपणहून निघायच्या आधी वेळा लिहून काढल्या.

मी शिक्षिका नाही, हा एका मुलाचा अनुभव. मुलगी आकडे उलटे लिहीत असेल किंवा वाचतानाच अडखळत असेल, तर माझं काही करत बसू नका, आधी तज्ज्ञांकडून तपासून घ्या.