विंडोज ३.१ आल्यावर अक्षरं एकदम सुबक कशी दिसायला लागली?

तुमचा प्रश्न असा की, ३.० वर मोठं शीर्षक पायऱ्यापायऱ्यांचं दिसायचं आणि ३.१ वर तेच गुळगुळीत, मग मध्ये बदललं काय? ‘ट्रूटाइप हे फॉन्टचं नवं तंत्र आलं’ हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच.

३.० मधले हेल्व्ह आणि टीएमएस आरएमएन हे बिटमॅप फॉन्ट. ठरावीक आकारांसाठी प्रत्येक अक्षराचं ठिपक्यांचं चित्र आधीच काढून ठेवलेलं असायचं. २४ पॉइंटचं चित्र आहे आणि तुम्ही ४८ मागितलं, की प्रत्येक ठिपका दुप्पट व्हायचा. पायऱ्या तिथून यायच्या. एप्रिल १९९२ मध्ये ३.१ सोबत एरियल, टाइम्स न्यू रोमन आणि कुरियर न्यू आले. हे ट्रूटाइप फॉन्ट, यांत अक्षराची फक्त बाह्यरेषा साठवलेली. हव्या त्या आकाराला ती मोजायची आणि आतून भरायची. तंत्र मूळचं ॲपलचं, मॅकच्या सिस्टम ७ मध्ये ते १९९१ सालीच होतं.

पण बाह्यरेषेने सुटतो तो शीर्षकाचा प्रश्न. रोजच्या मजकुराचं काय? ९६ डीपीआयला (एका इंचात ९६ ठिपके, म्हणजे पिक्सेल) १० पॉइंट म्हणजे जेमतेम १३ पिक्सेल. इंग्रजी कॅपिटल एच घ्या, उभा दांडा समजा १.४ पिक्सेल जाड. करड्या छटा तेव्हा नव्हत्या. ज्या पिक्सेलचा मध्यबिंदू रेषेच्या आत, तो काळा, बाकी पांढरे. डावा दांडा १.२ ते २.६ वर पडला, तर १.५ आणि २.५ हे दोन मध्यबिंदू आत येतात. उजवा ७.६ ते ९.० वर, तर फक्त ८.५. एकाच अक्षराचा एक दांडा दुसऱ्याच्या दुप्पट जाड!

यावरचा इलाज म्हणजे हिंटिंग, आणि माझ्या मते ३.१ चं खरं यश तेच. ट्रूटाइप फॉन्टमध्ये अक्षरासोबत छोटा प्रोग्राम ठेवता येतो: दोन्ही दांडे सारख्या जाडीचे ठेव, माथा अमुक ओळीला टेकव. रास्टरायझर, म्हणजे बाह्यरेषेचे ठिपके करणारा विंडोजचा भाग, आधी तो चालवतो, बाह्यरेषेचे बिंदू पिक्सेलच्या जाळीवर सरकवतो, मगच अक्षर भरतो. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनचं हे काम मोनोटाइप या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी फार जीव ओतून केलं. (ॲपलची यावरची पेटंट २०१० पर्यंत होती, म्हणून लिनक्सवर अक्षरं काढणाऱ्या फ्रीटाइपमध्ये हा भाग बरीच वर्षं बंद ठेवलेला असे.)

हिंटिंग नसलं की काय होतं, ते मी मराठी डीटीपी (संगणकावर छपाईची पानं जुळवणं) करताना रोज पाहिलंय. मी वापरायचो ते फॉन्ट छपाईसाठी बनवलेले, ३०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरवर देखणे. पडद्यावर लहान आकारात ‘नाना’ टाइप केलं की चार उभ्या दांड्यांपैकी एखादा जाड, बाकीचे बारीक. पॉइंट एकाने वाढवला की शिरोरेषा एकदम एकाची दोन पिक्सेल. प्रूफ मी झूम वाढवूनच वाचायचो.

तुम्हाला स्वतः पाहायचं असेल तर एम्युलेटरवर (जुना संगणक भासवणाऱ्या प्रोग्रामवर) ३.१ चालवा, त्यातल्या राइट या लेखनाच्या प्रोग्राममध्ये एरियल १० पॉइंटला एच टाइप करा, प्रिंट स्क्रीन दाबून चित्र पेंटब्रश या चित्रांच्या प्रोग्राममध्ये आणा आणि झूम करून दोन्ही दांड्यांचे पिक्सेल मोजा.