सेल नवा घातला आणि रिमोट गपगार

गाडीची कुरकुर : वाचकांचे प्रश्न

यावेळी गठ्ठ्यात चावीचीच पत्रं जास्त निघाली, म्हणून क्लच आणि मायलेजवाल्यांनी एक अंक दम धरा. पहिलं पत्र जरा सविस्तर घेतो कारण असा घोटाळा दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी होतोच.

काका नमस्कार. माझ्याकडं 2015 ची छोटी गाडी आहे, फोल्डिंगची चावी, वर तीन बटणं. महिनाभर रिमोट पार गाडीला चिकटून दाबला तरच चालायचा, म्हणून रविवारी बाजारात गेलो होतो तिथंच एका घड्याळवाल्याकडनं सेल बदलून घेतला, 60 रुपये, दोन मिनिटात काम झालं. गाडी घरीच होती. घरी येऊन बघतोय तर रिमोट चालंनाच झालाय, आधी निदान जवळनं तरी चालत होता! चावीवरचा बारका लाल लाईट पण लागंना. चावी फिरवली की गाडी मात्र चालू होते. गॅरेजवाला म्हणायलाय की सेल काढला की कोड उडतो, आता नवीन चावी कोडिंगसकट घ्या, साडेसात हजार. 60 रुपयांच्या सेलपायी साडेसात हजार घालवायचे काय? (एक वाचक, राजारामपुरी)

दादा, साडेसात हजार खिशातच राहू द्या.

सेल काढला की कोड उडतो हे मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. आता साधा विचार करा, तसं असतं तर जगात ज्याचा ज्याचा सेल संपला त्या प्रत्येकाला नवी चावी घ्यायला लागली असती. कोड असतो चावीतल्या चिपच्या मेमरीत आणि ती मेमरी वीज गेली तरी पुसत नाही. काही मोजक्या गाड्यांत सेल बदलल्यावर रिमोटची गाडीशी परत ओळख करून द्यावी लागते हे खरं, पण ते बहुतेक वेळा चावी इग्निशनला ऑन करून लॉकचं बटण काही सेकंद दाबून धरणं एवढंच असतं आणि कसं करायचं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक म्हणजे ते, जे ग्लोव्हबॉक्समध्ये पीयूसीच्या कागदाखाली प्लास्टिकच्या पिशवीतच पडून असतंय.

आणि तुमच्या दुखण्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. लाल लाईट लागंना म्हणताय ना? कोड उडाला असता तर लाईट लागला असता, फक्त गाडीनं ऐकलं नसतं. लाईटच नाही म्हणजे रिमोटच्या सर्किटपर्यंत वीजच पोचत नाही, आणि वीज पोचत नाही म्हणजे चावी उघडताना नाहीतर बंद करताना काहीतरी झालंय. त्या माणसाची चूक असेलच असं नाही, त्याचा हात घड्याळाचा, ही वस्तू वेगळी.

आता टेबलावर पेपर पसरा, चांगला उजेड घ्या आणि चावी उघडा. कडेला एक खाच असते त्यात नाणं घालून पिळायचं, स्क्रूड्रायव्हर आत खुपसायचा नाही, आतली हिरवी प्लेट ओरखडली तर मग खरंच नवी चावी. उघडल्यावर पहिलं काम म्हणजे मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, कुठला भाग कसा होता ते नंतर आठवत नाही.

मग सेलवरचा आकडा वाचा. सीआर 2032 असेल तर पहिले दोन आकडे म्हणजे रुंदी 20 मिलिमीटर आणि पुढचे दोन म्हणजे जाडी 3.2 मिलिमीटर. 2025 असेल तर रुंदी तीच पण जाडी 2.5. दोन्ही 3 व्होल्टचेच, लांबनं बघितलं तर जुळी भावंडं. पण 0.7 मिलिमीटर पातळ सेल खाचेत डुगडुगतो, पत्र्याला धड टेकत नाही. घड्याळवाल्याकडं 2032 संपला असेल आणि "बसतोय की" म्हणून त्यानं 2025 सरकवला असेल तर निम्मं प्रकरण इथंच मिटलं. कुठला सेल पाहिजे ते बहुतेक वेळा चावीच्या आत प्लास्टिकवरच कोरलेलं असतं, नसलं तर पुस्तकात असतंय.

मी स्वतः हा शहाणपणा करून बसलोय बरं का. रात्री आठला निघायचं होतं, 2032 मिळंना, म्हणून 2025 घेतला आणि खाली चॉकलेटच्या चांदीची घडी घातली. दोन दिवस मस्त चालला. तिसऱ्या दिवशी चांदी सरकली, सेलच्या कडेला आणि पत्र्याला एकदमच टेकली आणि सेल शॉर्ट होऊन सकाळपर्यंत खलास. चावी खिशात गरम लागत होती तरी मला वाटलं उन्हाची असेल. तेव्हा चांदीबिंदी काही घालायचं नाही.

आकडा बरोबर असेल तर बाजू बघा. ज्या सपाट बाजूवर अधिकचं चिन्ह आणि कंपनीचं नाव असतं ती पॉझिटिव्ह. पण ती वर पाहिजे का खाली हे प्रत्येक चावीत वेगळं, टॉर्चमध्ये असतंय तसंच इथंही असेल म्हणून अंदाजानं घालू नका. आत कोरलेलं अधिकचं चिन्ह शोधा, जुनं प्लास्टिक असेल तर मोबाईलचा टॉर्च तिरका मारला की दिसतं.

आणि आता माझा खरा संशय. सेलच्या खाली आणि कडेला पत्र्याच्या बारक्या जिभा असतात, स्प्रिंगसारख्या. त्यांनी सेलला दाबून धरलं तरच वीज पोचते. जुना सेल उचकटून काढताना या जिभा खाली दबतात आणि मग नवा सेल दिसायला एकदम फिट पण आत जीभ आणि सेलमध्ये केसभर फट. टूथपिक घ्या, लाकडी, आणि जीभ अगदी हलकी वर उचला. तांदळाच्या दाण्याएवढीसुद्धा नाही, त्याच्या निम्मी. सेल घातल्यावर बोटाला किंचित परत ढकलल्यासारखं वाटलं म्हणजे झालं. जीभ हिरवी-काळी पडली असेल तर कापसाला आयसोप्रोपिल लावून पुसा, मेडिकलमध्ये मिळतं. एक गंमत अजून, काही कंपन्यांचे सेल लहान पोरांनी तोंडात घालू नयेत म्हणून वर कडू थर लावून येतात आणि काही रिमोटांत तो थर वीज पोचू देत नाही. सगळं बरोबर असून लाईट लागंना तर सेलचा ब्रँड बदलून बघा.

शेवटी सेलच मेलेला असू शकतो. नवा म्हणून दिला म्हणजे नवा असतोच असं नाही, डबीत सुटे ठेवलेले सेल एकमेकांना टेकून शॉर्ट होतात आणि आपोआप उतरतात. व्होल्ट मोजायचा मीटर असेल तर ताजा सेल 3.2 च्या आसपास दाखवतो. पण थकलेला सेलसुद्धा नुसत्या मीटरला 3 व्होल्ट दाखवून फसवतो आणि बटण दाबलं की लगेच खाली बसतो. म्हणून पॅकिंगमधला, तारीख बघून घेतलेला सेल घाला.

हे सगळं करायच्या आधी कपाटातली दुसरी चावी काढून बघा. ती चालली तर दुखणं या चावीत. ती पण चालली नाही तर एक तर तिचा सेल पण पडून पडून संपलाय नाहीतर गाडीत काहीतरी आहे, फ्यूज, रिसिव्हर, गाडीची मोठी बॅटरी. आणि दार उघडं असलं किंवा दुसरी चावी इग्निशनमध्ये असली तर बऱ्याच गाड्या रिमोट ऐकतच नाहीत, तेवढं सांभाळून टेस्ट करा. पोरांनी सांगितलं म्हणून मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर बटण दाबून प्रकाश शोधत बसू नका, तो उपाय टीव्हीच्या रिमोटचा, तो इन्फ्रारेड. गाडीचा रिमोट रेडिओवर बोलतो, आपल्याकडं बहुतेक 433.92 मेगाहर्ट्झवर, तो कॅमेऱ्याला दिसायचा नाही.

उघडताना एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघा. तुमची गाडी सेलशिवाय चालू होते ती चावीतल्या दुसऱ्या चिपमुळं, इमोबिलायझरची, म्हणजे चावीची ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची. तिला सेल लागतच नाही, इग्निशनच्या लॉकभोवती तारेची गुंडाळी असते, चावी आत घातली की तिच्याकडनंच ती चिप वीज घेते आणि आपला नंबर सांगते. काही चाव्यांत ही चिप प्लेटवर नसते, कव्हरच्या एका कोपऱ्यात सुटी बसवलेली असते, काळी, बारकी, लांबट. कव्हर उघडलं की टुणकन उडते आणि कुणाला कळत पण नाही. मग काय होतं, स्टार्टर फिरतो पण इंजिन धरत नाही, किंवा चालू होऊन लगेच बंद पडतं आणि मीटरवर चावीचं चित्र लुकलुकतं. तसं झालं तर तीच चिप शोधा, खरा खर्च तिच्यावर असतो. पेपर पसरायला सांगितला तो त्यासाठीच.

काका, गगनबावड्याला गेलो होतो, बटण स्टार्टची गाडी, धो धो पाऊस, आणि चहा पिऊन आल्यावर गाडी उघडंना. सेल गेला होता. मिस्टरांनी कोल्हापुरातनं मित्राला बोलवलं, दीड तास भिजलो. अशावेळी काय करायचं असतं? (एक वाचक, कळंबा)

अरेरे ताई, चावी तुमच्या हातातच होती की हो. बटण स्टार्टच्या चावीत पोटात एक लोखंडी चावी लपवलेली असते, कडेचं बारकं बटण किंवा खटका दाबून ओढली की बाहेर येते. ड्रायव्हरच्या दाराला भोक असतं, काही गाड्यांत हँडलच्या टोपीखाली झाकलेलं. उघडताना अलार्म बोंबलेल, बोंबलू दे. आत बसून ब्रेक दाबा आणि चावी स्टार्टच्या बटणाला अगदी टेकवून तसंच बटण दाबा. वर सांगितलेली बिनसेलची चिप इथं पण असते, टेकवली की गाडी तिला वाचते. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, कन्सोलमध्ये नाहीतर स्टिअरिंगच्या कॉलमवर, ती घरी असतानाच पुस्तकात बघून ठेवा. घाटात रेंज नसते तेव्हा मी पण सांगायला मिळायचो नाही.

नातू दीड वर्षाचा. चावी म्हणजे त्याचं आवडतं खेळणं. परवापासनं रिमोट चालत नाही, सेल नवा घातला तरी नाही, लाईट लागतो. (एक आजोबा, शाहूपुरी)

आजोबा, लाईट लागतोय म्हणजे तुमचं दुखणं पहिल्या पत्रापेक्षा वेगळं. प्रत्येक वेळी बटण दाबलं की चावी नवा आकडा पाठवते आणि गाडी पण आपल्याकडं मोजत असते, म्हणजे कुणी जुना सिग्नल पकडून वाजवला तरी चालत नाही. समजा तालमीत दोघं जोडीनं जोर मारतायत आणि मोजतायत, त्यातला एकजण बाहेर जाऊन 50 मारून आला, आता दोघांची मोजणी जुळायची कशी? नातवानं गाडीपासनं लांब बसून तेच केलंय. बऱ्याच रिमोटांत कीलॉक नावाची पद्धत असते, तिच्यात साधारण 16 आकड्यांपर्यंत पुढं गेलेलं गाडी चालवून घेते, त्यापुढं गेलं तर लागोपाठ दोन दाब मागते. तेव्हा गाडीजवळ जाऊन तेच बटण सलग दोन-तीनदा दाबा. बहुतेक तेवढ्यानं जुळतं. नाहीच जुळलं तर पुस्तकातली ओळख करून द्यायची पद्धत, आणि ती पण नाही चालली तर मग स्कॅनरवाला.

पण चावी त्याच्या हातातनं काढून घ्या, आणि ते रिमोटसाठी नाही. तो बटणसेल गिळला तर अन्ननलिकेत अडकून 2 तासात आतनं भाजतो, आणि पोरगं नुसतं चिडचिड करतंय असं वाटतं. गिळल्याचा संशय जरी आला तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता थेट मोठ्या दवाखान्यात एक्सरे. काढलेला जुना सेल पण दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून वर ठेवा, संपलेल्या सेलमध्ये सुद्धा तेवढी धग असतेच.

जुनी गाडी, सेंट्रल लॉक बाहेरनं बसवलेलं. त्याच्या रिमोटात 2032 बसत नाही, सेल लांबट आहे. कुठला घालू? (एक वाचक, कागल)

तो 23ए, 12 व्होल्टचा, बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्याच्यासारखाच दिसणारा पण जरा बारीक 27ए पण असतो, तेव्हा जुना सेल दुकानात घेऊनच जा.