सील, समुद्रसिंह आणि वॉलरस : एकच शब्द पुरेल का?

सील, सी लायन आणि वॉलरस या तिन्ही प्राण्यांना मराठीत सरसकट 'सील' म्हटले तर चालेल का, असा प्रश्न विचारला गेला आहे. माझ्या मते चालणार नाही, कारण मांसाहारी सस्तन प्राण्यांमधली ही तीन स्वतंत्र कुळे आहेत. तिघांना मिळून एक नाव हवेच असेल, तर माशाच्या 'परा'वरून 'परपाद' हा शब्द मला सुचतो. शास्त्रीय लॅटिन नावाचा अर्थही जवळपास तोच आहे.

खऱ्या सीलला कानाची पाळी नसते, डोक्याच्या दोन्ही बाजूंना केवळ बारीक छिद्रे दिसतात. त्याचे मागचे पाय पुढे वळत नाहीत, त्यामुळे त्याच पायांच्या जोरावर पाण्यात सफाईने पोहणारा हा प्राणी जमिनीवर आला की पोटावर सरपटतो. सी लायनला, म्हणजे समुद्रसिंहाला, कानाची छोटी पण स्पष्ट पाळी असते. तो मागचे पाय अंगाखाली घेऊन चारही पायांवर चालतो आणि पोहताना पुढचे लांब पाय वल्ह्यांसारखे मारतो. नाकावर चेंडू तोलणारा जो प्राणी 'सील' म्हणून ओळखला जातो, तो बहुधा कॅलिफोर्नियाचा समुद्रसिंहच असतो.

अनुवादकाची खरी फसगत 'फर सील' या नावापाशी होते. नावात सील असला, तरी कानाची पाळी आणि चाल पाहता तो समुद्रसिंहाच्या कुळातला आहे. उलट, नाकाची सोंड मिरवणारा 'हत्ती सील' मात्र खराच सील आहे. म्हणून नावापेक्षा कानाकडे पाहून शब्द ठरवावा.

वॉलरसची आज एकच जाती उरली असून ती आर्क्टिक आणि त्यालगतच्या समुद्रांत राहते. त्याला सीलप्रमाणे कानाची पाळी नसते, पण मागचे पाय समुद्रसिंहाप्रमाणे पुढे वळतात. नर आणि मादी या दोघांनाही लांब दात असतात, ते सुमारे 1 मीटरपर्यंत वाढू शकतात आणि बर्फावर चढताना आधारालाही उपयोगी पडतात. या दातांना 'सुळे' म्हणणे अगदी चोख आहे. हत्तीच्या दातांनाही आपण सुळे म्हणतो, पण शरीररचनेच्या दृष्टीने ते पटाशीचे दात आहेत. वॉलरसचे मात्र खरोखरच वरच्या जबड्यातले सुळे आहेत. त्यांना 'हस्तिदंत' म्हणणे तेवढे टाळावे.